अडकलेली डिस्क आणि मोठे बाबा

माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, अंगणात पाय ठेवण्याआधी दोनदा खाकरायचे. तेवढ्यात मी पदर घेऊन आत जायची. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर येत नाही, त्याच्याशी बोलत नाही. लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हापासून चौदा वर्षे आम्ही एका घरात राहिलो आणि एक शब्दही बोललो नाही. त्यांना चहा हवा असला तर ते माझ्या मुलीला म्हणायचे, "पिंकी, चहा होईन का पाय बरं." पिंकी शाळेत असली तर भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "कोणी घरात असन तं पाणी पायजे होतं." मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. पिंकी त्यांना मोठे बाबा म्हणायची, म्हणून मनातल्या मनात मीही तेच म्हणायची.

त्यांची बायको लवकर गेली. त्यांनी सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षे काढली. निवृत्त झाल्यावर एक जुना लॅपटॉप विकत घेतला आणि समोरच्या खोलीत मोहल्ल्यातले रेडिओ, घड्याळं, पुढे कंप्युटरही दुरुस्त करू लागले. बारीक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, ते चष्म्याच्या डबीत ठेवत. कोणी बिघडलेली वस्तू आणली की आधी ती उघडतच नसत. "आधी विचारा, मंग उघडा," असं त्यांचं होतं. "बिघडाच्या आधी काय केलं होतं?" हा पहिला प्रश्न. समोरचा म्हणे, "कुछ नहीं किया, बाबूजी." मोठे बाबा हसत. "काही नाई केलं म्हणणारा माणूसच काहीतरी करून आला असते. मशीन खोटं नाई बोलत. माणूस भेते म्हणून बोलते."

माझ्या लग्नाच्या चौदाव्या वर्षी दसऱ्याला त्यांनी पेचकसाची डबी आणि लॅपटॉप पूजेत ठेवला आणि पिंकीला म्हणाले, "आईले म्हणा, यालेही हळदकुंकू लावा. याच्यावरच माही इज्जत चालू आहे." मग ते सोनं वाटायला बाहेर गेले. मी लॅपटॉपला कुंकू लावत होते, तर बाजूच्या बटनाला बोट लागलं आणि एक गोल ताट सर्रकन बाहेर आलं. मला वाटलं, हे पूजेसाठीच असेल. मी त्यावर ओलं हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि ते हळूच आत लोटलं. वस्तूचा मान राहिला म्हणून मला बरंही वाटलं.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी माझे मालक नागपूरहून डोक्याची तपासणी करून आले. डाव्या डोळ्याने त्यांना अंधुक दिसू लागलं होतं, डोक्यात गाठ असल्याचा संशय होता. तपासणीची एक डिस्क मिळाली होती. दुसऱ्या दिवशी ती नागपूरच्याच मोठ्या डॉक्टरांना दाखवायची होती. ती पाहून ऑपरेशन ठरणार होतं. मोठे बाबा म्हणाले, "आण इकडे. एक नक्कल काढून ठेवतो. ज्याची एकच प्रत, ते कागद नसल्यासारखंच." रेकॉर्ड रूमची सवय ती.

त्यांनी चष्मा न लावताच घाईने डिस्क घातली आणि आतून खर्र खर्र आवाज आला. डिस्क वाचली जाईना, ताट बाहेर येईना. त्यांनी लॅपटॉप बंद केला, पुन्हा सुरू केला. पुन्हा खर्र. कान लावून त्याला म्हणाले, "बोल न रे, कुठं दुखते?" मग माझ्या मालकांना विचारलं, "काहून रे, तू हात लावलता का याले?"

"मले तं सुरू बी कराले येत नाई, दादा," असं म्हणून मालक उद्याच्या बसची चौकशी करायला बाहेर पडले.

पिंकी शाळेत होती. घरात विचारायला मीच उरले होते. मोठ्या बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला ते विचारू शकत नव्हते. मी दाराआड उभी होते. ते ताट कोणतं, हे मला तो आवाज ऐकूनच कळलं होतं. तिसऱ्यांदा सुरू केलं, खर्र. चौथ्यांदा. मालकांच्या डोळ्याचं सगळं त्या डिस्कमध्ये होतं आणि ते मला ऐकू येत असताना घासलं जात होतं.  पाचव्यांदा त्यांचा हात बटनाकडे गेला, तेव्हा मी बोलले.

"मोठे बाबा, फिरवू नका. आत तांदूळ आहेत."

त्यांचा हात तिथेच थांबला. मागे वळले नाहीत. तसंच विचारलं, "किती दाणे?"

"पाच-सहा. ओले."

"कुंकू बी?"

"हौ."

"दसऱ्याले?"

मला रडू फुटलं. "रडाले मंग बी होते," ते म्हणाले. "केसातली पिन ठेवा उंबऱ्यावर." मी पिन ठेवली. ती सरळ करून त्यांनी बाजूच्या बारीक छिद्रात घातली आणि ताट बाहेर ओढलं. लाल झालेले चार दाणे निघाले. डिस्कवर गोल गोल ओरखडे होते. त्यांनी कापसाने भिंगावरचं कुंकू पुसलं, डिस्क पुसली, पुन्हा लावली. अर्ध्यावर येऊन ती थांबली ती थांबलीच.

मालक परत आले तेव्हा मोठे बाबा म्हणाले, "डिस्क गेली. माह्या हातून गेली."

"नक्कल, नक्कल! तुह्या नकलेनं अस्सल बी गेलं न!" मालक ओरडले. मी आत भाकरी थापत होते. पुढची भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने मोठे बाबा स्वतः नागपूरला गेले. तपासणीच्या ठिकाणी कंप्युटरवरचा माणूस सुटीवर होता, मग दिवाळी आली. दुसरी डिस्क मिळायला आणि डॉक्टरांची वेळ लागायला तीन आठवडे गेले. ऑपरेशन झालं, मालक वाचले. डावा डोळा मात्र गेला. आधी आलो असतो तर वाचला असता का, असं मोठ्या बाबांनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

त्यानंतर घरी कोणी पाहुणा आला की मालक म्हणायचे, "हे आमचे इंजिनियर. माहा डोळा खोलून पायला याईनं." मोठे बाबा "हौ" म्हणून चहा पीत राहायचे. दुरुस्तीची कामं त्यांनी हळूहळू सोडली. एकदा मी चहा ठेवून उंबऱ्यापाशीच थांबले. मी सांगून टाकणार आहे, हे त्यांना कळलं असावं. भिंतीकडे पाहून ते म्हणाले, "सांगणाऱ्याले हलकं वाटते. पण त्याले संसार इथं कराचा आहे. भावाचा राग माह्यावरच राहू द्या. मी झेलून घेतो."

मी त्यांचं ऐकलं. खरं तर मला तेच ऐकायचं होतं.

सहा वर्षांनी मोठे बाबा गेले. वर्षश्राद्धाला वारासिवनीहून मालकांचे मामेभाऊ आले होते. जेवताना मालकांनी पुन्हा तीच गोष्ट काढली, हसत हसत. मी वाढत होते. भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "डिस्कच्या जागी अक्षता मी टाकल्या होत्या. दसऱ्याले."

 मग मालकांनी विचारलं, "दादाले माहीत होतं?"

"हौ. डिस्क अडकली त्याच दिवशी सांगितलं होतं."

"तू त्याच्यासंग बोलली?"

"एकदाच."

ते ताटावरून उठले आणि समोरच्या खोलीत जाऊन बसले. मामेभाऊ निघाले तरी बाहेर आले नाहीत. दिवेलागणीला मी तिथे दिवा लावायला गेले, तेव्हा एवढंच म्हणाले, "तो होता तवा सांगाचं होतं. मी त्याले काय काय बोललो."

याला आता दोन महिने झाले. ते जेवतात, कामापुरतं बोलतात आणि दुपारी भावाच्या खोलीत जाऊन बसतात. राग माझ्यावर आहे की स्वतःवर, हे मी अजून विचारलेलं नाही.