अंधारवाले चाचा

चाचा आले की आधी ट्यूबलाइट बंद करायचे, मग खिडकीचा पडदा ओढायचे. भर दुपारी माझी खोली विहिरीच्या तळासारखी व्हायची. त्या काळोखात, ठार काळ्या पडलेल्या स्क्रीनसमोर बसून ते टाइप करू लागत. स्क्रीनवर एक अक्षर उमटत नसे, तरी बोटं चालूच. मधूनच मान तिरकी करून मशीनच्या पंख्याचा आवाज ऐकत आणि पुटपुटत, "हाय. आत हाय." माझी शेजारीण एकदा हे दृश्य पाहून गेली आणि नंतर बरेच दिवस माझ्याकडे चहाला फिरकली नाही. सोसायटीत त्यांचं नावच पडलं, अंधारवाले चाचा.

मी बिल्डर लोकांना न बांधलेल्या इमारतींची चित्रं करून देते. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे. ते बिचारं गुणी, पण ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्राम, कंपनीचा, कुलूपबंद. त्याच्या आत काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही. लिनक्सने अपडेट घेतलं की दोघांचं बिनसायचं आणि स्क्रीन काळा व्हायचा. मग दुरुस्तीला मी चाचांना बोलवायचे. "कंपनीनं कुलूप लावलं नि चावी समुद्रात टाकली," चाचा म्हणत. "आपण नुसतं दार वाजवायचं. मशीन मेलेलं नाय बेटा, फक्त दिसत नाय."

दार वाजवण्याची त्यांची रीतही न्यारी. त्यांनी माझ्या मशीनमध्ये नखाएवढा एक भोंगा बसवला होता. काळोखातच ते नाव आणि पासवर्ड टाइप करत, मग एक आज्ञा देत. आतून 'टिक्' असा आवाज आला की चाचा गंभीरपणे उत्तर देत, "वालेकुम सलाम." दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि तिसरं कुणीतरी बोललं होतं. मग ते जुना ड्रायव्हर काढून नवा बसवत, मशीन पुन्हा सुरू करत आणि विचारत, "आलं का?"

हा प्रश्न म्हणजे मला त्यांची अदब वाटायची. एकदा चित्र आलं आणि नेमका माझा फोन वाजला. मी बोलत होते नि चाचा विचारत होते, "आलं का? आलं का बेटा?" त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर आख्खी इमारत झगझगत होती, तिचा उजेड त्यांच्या दाढीवर पडला होता.

"चाचा, तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी कीबोर्डवरून हात उचलले. "डोळे कवाच गेले. सावली पण कळत नाय. अंधारात माझे डोळे कुणी बघत नाय, म्हणून दिवा घालवतो. माझ्या साजिदला बोलू नको, अल्लाच्या वास्ते." साजिद त्यांचा मुलगा, आखातात नोकरीला. चाची गेल्यापासून बापाला तिकडे न्यायला टपलेला. "तो उचलून नेईल मला. तिथं काय करू मी? बंद खोलीत एसीचा आवाज ऐकत बसू? इथं लोक वाट बघतात माझी."

मी नाही बोलले साजिदला. उलट त्यांना साथ दिली. चाचांनी मशीनमध्ये आज्ञेची एक ओळ घातली. चित्र आलं की भोंगा आपणहून लांब वाजायचा, मग कुणाला विचारायची गरजच नाही.

साजिद रजेवर आला तेव्हा त्याला कुणकुण लागलेलीच होती. माझा स्क्रीन पुन्हा गेला होता, तर चाचांबरोबर तोही माझ्या घरी आला आणि मागच्या खुर्चीत बसला. पाहुणा येणार म्हणून मी सकाळीच टेबलामागची धूळ झाडली होती. चाचांनी दिवा घालवला, पडदा ओढला, बोटं चालवली. टिक्. सलाम. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि भोंगा लांब वाजला.

चाचा रेलून बसले. "आलं! बघ साजिद, काय बिल्डिंग काढलीय पोरीनं."

स्क्रीन ठार काळा होता.

मशीनमध्ये चित्र आलं होतं, पण धूळ झाडताना मी स्क्रीनची वायर मागे चुकीच्या सॉकेटमध्ये खोचली होती. हे मला नंतर उमगलं. चाचांना ते कळायला मार्गच नव्हता. ते त्या काळोखाकडे कौतुकाने बघत म्हणाले, "फक्त तिसऱ्या मजल्यावर दिवा का लावून ठेवलास, बेटा? भर उन्हात?"

साजिद उठला. त्याने बापाच्या डोळ्यांसमोर हात हलवला. चाचा हसतच राहिले.

"अब्बा, चला घरी," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता.

तेव्हा चाचांचं हसू विझलं. "नाय आलं का?" त्यांनी मला लहान मुलासारखं विचारलं.

"आलंय चाचा," मी म्हटलं. "पण इथे दिसत नाहीये."

ते गेल्यावर मी वायर बदलली. निळं आकाश, दुपारचं ऊन, माझी इमारत. आणि तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीत पिवळा दिवा. मी तो लावला नव्हता. मीच कधीतरी लावून विसरले असेन, असं मी स्वतःला सांगते. घरात एकटीने राहायचं तर काहीतरी सांगावंच लागतं.

साजिद चाचांना घेऊन गेला. सुरुवातीला त्यांचा फोन यायचा. "मशीनजवळ धर," म्हणायचे, आणि पंखा ऐकत बसायचे. मला त्यांची फार आठवण येते हे मी त्यांना सांगितलं होतं, एवढंच समाधान. मग एक दिवस त्यांच्या नंबरवरून साजिद बोलला, आणि त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही.

त्या इमारतीचं चित्र रोडपालीच्या रस्त्यावर मोठ्या फलकावर लागलंय. "मॅडम, दुपारी लाइट कशाला?" बिल्डरने विचारलं होतं. मी म्हटलं, राहू द्या. रिक्षाने तिथून जाताना मी मान बाहेर काढून बघते आणि मोठ्याने सांगते, "आलं, चाचा." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघतो, आणि वेग वाढवतो.