चालू कारखान्याचे मामा

मामांचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे त्यांचा कारखाना चालू होता. अकोल्याच्या एमआयडीसीत त्यांची पेरणीयंत्रांची शेड होती. मी आयटीआयत वेल्डिंग शिकवतो. पास झालेली कितीतरी पोरं मी त्यांच्या हवाली केली. मामांनी एकाचेही मार्क विचारले नाहीत. पहिल्या दिवशी एवढंच विचारायचे, “डबा आनला काय?” नसला तर स्वतःच्यातली भाकर मोडून द्यायचे. म्हणून ते सगळ्यांचे मामा.

पेरण्या आटोपल्या की यंत्रांची मागणी आटते. बाकीचे मालक तेव्हा माणसं कमी करत. मामा मात्र शाळेची बाकं, खिडक्यांच्या जाळ्या, मिळेल ते काम ओढून आणत. म्हणायचे, “मशीन बंद पडली त दुरुस्त होते. मानूस घरी बसला का गंजते.”

आता सरकारचं धोरण पाहा. रोजगार वाढवायचा, पण सवलती नव्या उद्योगाला. जमीन स्वस्त, वीज स्वस्त, करात सूट. ज्यानं उभं आयुष्य माणसं पोसली त्याला वाटाण्याच्या अक्षता! एका सल्लागारानं मामांना वाट दाखवली, “शेड बंद दाखवा, सुनेच्या नावानं नवीन बोर्ड लावा. सगळेच करून राह्यले.” मामा उसळले, “जित्या पोराचं पुन्हा बारसं करू काय? कावून, सायबाले पेढा पाह्यजे म्हनून?”

समोरच्या प्लॉटवर सवलती घेऊन एक नवा कारखाना आला. मांडव पडला, मंत्री यायचे होते आणि ऐन वेळी मशीन फिरेना. मामांनी आपली पोरं पाठवली. मी चिडलो, तर मला म्हणाले, “शेजारी लगन असलं का वाढाले जातोच ना आपन?” पोरांनी मशीन चालू केली, मंत्र्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या. मॅनेजरनं ते हात हेरले आणि जास्त पगार देऊन मामांची सहा पोरं पळवली. पेपरात फोटो आला: ‘स्थानिक तरुणांना नवा रोजगार.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात नवं काय होतं? डोक्यावरचं हेल्मेट!

“पोरांना अडवलं का नाही?” मी मामांना विचारलं.

“कावून अडवू, मास्तर? त्याईच्या लेकरायनं माह्या हट्टावर जेवावं काय?”

हंगाम तोंडावर आणि हाताशी कारागीर नाहीत. ऑर्डरी हुकल्या, वर्षभरात मामांनी शेड विकली. सवलतींची मुदत सरली तसा समोरच्या कंपनीनंही गाशा गुंडाळला आणि नव्या सवलतींसाठी दुसरं राज्य गाठलं. तिला जाब कुणी विचारला? कुणीच नाही. सहाही पोरं मामांच्या दारात येऊन उभी राहिली. मामांनी चहा पाजला आणि मान खाली घालून म्हणाले, “माह्याजवळ काम नाही रे बाप्पा.” त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघावं, याचा मला आजही संताप येतो. पोरं चाकणला गेली, कंत्राटावर.

गेल्या उन्हाळ्यात मामा वारले. मी चाकणला फोन लावला. उचलणारा पोरगा ढसाढसा रडला, मग रजा मागायला गेला. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला.

“सर, सुपरवायझर इचारून राह्यला, सख्खे मामा होते काय? काय सांगू?”

“सांग, सख्ख्याहून सख्खे.”

त्यानं तसंच सांगितलं. रजा मिळाली नाही.