बोलताना धाकटी, बसताना थोरली

फोन आला तेव्हा मी आणि अवनी स्वयंपाकघरातल्या बाकावर बसलो होतो. अवनी म्हणजे माझी नात, पहिलीत आहे. तिच्या पुढ्यात पाटी, माझ्या पुढ्यात निवडायची मेथी. हुबळीच्या दवाखान्यातून मुलगा बोलत होता. तो काही सांगायच्या आधीच, नुसत्या "आई" म्हणण्यावरून मला कळलं. मी फोन ठेवला. अवनीनं माझ्याकडं बघून विचारलं, "थोरली आजी आता येणार नाही?" मी मान हलवली. ती पाटीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मग आज शाळेत काय झालं ते मी कुणाला सांगू?"

थोरली आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या सगळ्या सप्तापूर भागाची ती अक्काच होती. आणि मी धाकटी आजी. तिला जाऊन आता महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, किती प्रेमळ होत्या, किती सोसलं त्यांनी. प्रेमळ होती, खोटं कशाला सांगू, पण मला ती आठवते ती चौकशा करताना. मिक्सर बिघडला की दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी स्टूल टाकून बसणार, "हे तांबडं कशाला, ते काढलं तर काय होईल?" शेवटी तो बिचारा म्हणायचा, "अक्का, तुम्हीच करा, मी चहा पितो." मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी सगळ्या बायकांनी माझे दागिने बघितले, आणि हिनं विचारलं, "तुमच्याकडं आमटीत गूळ आधी घालता की चिंच?" मी म्हटलं, गूळ. "का?" म्हणाली. आता का ते मला काय ठाऊक? पण त्यानंतर जन्मभर मी चिंच कधी घालते, गूळ कधी घालते, याच्याकडं लक्ष देऊन स्वयंपाक केला. तिनं एकदा विचारलं की ती गोष्ट नुसती करून मोकळं होता यायचं नाही.

तर मी सांगत होते अवनीचं. दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली आणि हिचं सकाळी पोट दुखायला लागलं. रविवारी दुखायचं नाही, सोमवारी हमखास. ओवा झाला, हिंग झाला, डॉक्टर झाले. मग टीचरनी बोलावलं. सूनबाई बँकेत, म्हणून आम्ही दोघी जावा गेलो. टीचर भली मुलगी, पण चाळीस पोरांत तिचं तरी काय चालणार. म्हणाली, "आजी, वाचते छान, बोलते छान. अंक मात्र उलटे लिहिते. पंचवीस सांगितलं की बावन्न. असंच राहिलं तर दुसरीत झेपायचं नाही. पहिलीतच आणखी एक वर्ष बसवावं लागेल." अवनी आमच्यामध्ये उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि घरी येताना रिक्षात हळूच म्हणाली, "मला डोकं नाहीये." सहा वर्षांचं पोर. कुठून ऐकलं असेल, देव जाणे.

झालं, घरात उपाय सुरू झाले. रश्मीनं, म्हणजे सूनबाईनं, रोज पानभर पंचवीस लिहायला लावलं. सरळ पंचवीस, ओळीनं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा बावन्न. मुलानं फोनवर कसलासा खेळ घातला, त्यात बरोबर आलं की फुगे उडायचे. फुगे काही उडाले नाहीत. मी म्हटलं, डोळे दाखवू. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं अक्का माझ्याबरोबर आली. ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत. अक्का म्हणाली, "तेच मला वाटत होतं. उलटं दिसत असतं तर चप्पल उलटी घातली असती की." आणि मग त्यांनाच विचारत बसली, आपल्याला सरळ दिसतं ते कशानं. बाहेर रांग लागली होती. मी तिला पदराला धरून बाहेर आणलं.

एक मात्र होतं. सगळे अवनीला म्हणायचे, "चुकलं." अक्का म्हणायची, "हे कसं केलंस, सांग बघू मला." आणि खरंच ऐकायची हो, मान पुढं करून, कान देऊन. अवनी म्हणायची, "ऐकलं आणि लिहिलं." अक्का म्हणायची, "हं… असं काय." तिला उत्तर माहीत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. मला रात्री अंथरुणावर म्हणाली, "एक बघितलंस का ग, बावीस कधी चुकत नाही तिचं." मी म्हटलं, "बावीस उलटं लिहिलं तरी बावीसच की." त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की मुलगा उठून आला.

मग लिंबांचा दिवस. आमच्या दारावर गंगव्वा म्हणून भाजीवाली येते. लोणच्यासाठी लिंबं घ्यायची होती. अक्काला एकेक फळ निरखून घ्यायची खोड, म्हणून गंगव्वा एकेक लिंबू टोपलीतून काढून मोजत होती, अर्थात कन्नडात. "इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु, इप्पत्तमूरु…" अवनी पायरीवर खडू घेऊन बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपलं आपणच, गंगव्वा म्हणेल ते लिहीत होती. अक्कानं माझ्या हाताला चिमटा काढला. मी वाकून बघितलं. एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सगळे अंक सरळ. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कानं डोळे वटारले, आणि गंगव्वाला म्हणाली, "इन्नोम्मे एणिसव्वा." पुन्हा एकदा मोज. गंगव्वा चिडली. "याक्री अक्कार, नंबिगी इल्लेन्री?" विश्वास नाही का माझ्यावर? तरी बिचारीनं पुन्हा मोजली. पुन्हा सगळं सरळ. मग अक्का मराठीत म्हणाली, "अवनी, आता तेवीस लिही ग." पोरीनं लिहिलं, बत्तीस.

अक्का तिथंच पायरीवर बसली. लिंबं राहिली टोपलीत. "हे कसं केलंस?" तिनं विचारलं. आता अवनीला सांगता आलं. "तू आधी 'ते' म्हणालीस, म्हणून तीन लिहिले. मग वीस म्हणालीस, म्हणून दोन." आणि खरंच की हो. आपण तेवीस म्हणतो, पंचवीस म्हणतो, त्यात तीन आधी येतात, पाच आधी येतात, वीस मागून. कन्नडात आधी इप्पत्त, म्हणजे वीस. शाळेत टीचर इंग्रजीत सांगते, तिथंही वीस आधी, पण ही घरची पोर मनात आधी मराठी करून घेते आणि मग ऐकलं तसं लिहिते. इतकी वर्षं बाजारात कन्नड, घरात मराठी बोलत आलो, दोन्हींत मोजलं, पण हे कधी ध्यानातच आलं नाही. ज्याला येतं त्याला दिसत नाही, असंच असेल.

पुढचे आठ दिवस अक्काचं काय विचारता. मागच्या घरात तेलुगू कुटुंब आहे, त्यांना जाऊन विचारून आली. "तिकडंही वीस आधी ग." जुन्या हुबळीतला आमचा शिंपी घरी उर्दू बोलतो, त्याला ब्लाउजाचं माप देता देता मोजायला लावलं. "त्याचं आपल्यासारखंच, पाच पुढं पळतात." रश्मी म्हणाली, "मग मोठ्या आई, घरात मराठी आकडे बंदच करू. सगळ्यांनी इंग्रजीच म्हणायचं." अक्का म्हणाली, "का? पोरीला दोन दारं आहेत, एक बुजवायचं कशाला? कुठलं दार कुठं उघडतं ते सांगू की तिला."

आणि सांगितलं कसं, ते ऐका. गुडघ्यांनी पाट सोडायला लावल्यापासून आम्ही दोघी जेवायला या बाकावर बसतो. दारातून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला अक्का, उजव्या हाताला मी. आणि आमच्या घरची रीत अशी, की थोरली बसल्याशिवाय धाकटीनं बसायचं नाही. लग्नापासून मी ती पाळली. एका संध्याकाळी अक्कानं अवनीला दारात उभं केलं. "मी थोरली, मी वीस. ही धाकटी, ही पाच. आता सांग, या घरात आधी बोलतं कोण?" अवनी लगेच म्हणाली, "धाकटी आजी. तिला दम निघत नाही." रश्मी तोंडाला पदर लावून हसली. "आणि आधी बसतं कोण?" "तू." "कुठं?" "इकडं, डावीकडं." "झालं तर. पंचवीस म्हणताना ही मेली आधी बोलते. बोलू दे. पण लिहायचं म्हणजे बसायचं. बसताना मी आधी." अवनीनं आमच्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, आणि लिहिलं. मग सदतीस विचारलं, एकेचाळीस विचारलं. प्रत्येक वेळी ती आधी आमच्याकडं बघायची. हळूहळू बघायची थांबली. आणि कधीतरी सोमवार आला नि पोट दुखलं नाही.

हे सगळं अगदी असंच घडलं का, की पोर आपोआपच मोठं झालं, मला सांगता यायचं नाही. अक्कालाही मी विचारलं होतं. म्हणाली, "कोण जाणे. पण विचारलं नसतं तर ते तरी कसं कळलं असतं?"

ती गेल्यावर अवनीचं पोट पुन्हा दुखायला लागलं. मागच्या आठवड्यात पाटीवर पुन्हा बावन्न दिसलं. परीक्षा तोंडावर, रश्मी काळजीत. काल संध्याकाळी मी बाकापाशी आले आणि उभी राहिले. रोज राहते, लक्षात येत नाही… ती बसायची वाट बघत असते मी. मग माझ्या जागी बसले, उजवीकडं. अवनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता तू नुसतीच पाच ना?" मी हो म्हटलं. "मग वीस कुठं गेले?" 

माझ्या ओठांवर दहा उत्तरं आली. देवाघरी, आकाशात, सगळी. पण बाकाची ती बाजू रिकामी होती आणि मी तिथं बसणाऱ्या बाईसारखंच विचारलं, "तुला काय वाटतं, सांग बघू मला."

तिनं बाकाकडं बघितलं. मग आत आली, मला दंडाला धरून उठवलं आणि डावीकडं ढकलत म्हणाली, "तू तिकडं जा. तू थोरली. इथं मी बसते." मी म्हटलं, "अगं, ती जागा…" "थांब," ती म्हणाली, "तू आधी बस. मग मी."

या घरात पहिल्यांदा मी कुणाची वाट न बघता बसले. लाकूड तिथं जरा खोलगट झालंय, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. अवनी माझ्या शेजारी चढून बसली, पाटी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आणि आता आधी मी बोलणार." मग शाळेत कुणाचा डबा सांडला, टीचर का रागावली, सगळं सांगत सुटली. मला मध्ये शिरायला जागाच मिळाली नाही.