तीर्थपुरीच्या बाजारात आर्किमिडीज

जालन्याहून तीर्थपुरीची एसटी पकडली तेव्हा मी पिशवीत पुण्याची भाकरवडी आणि डोक्यात भरपूर सल्ले घेऊन निघालो होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे दुसरं असतं काय?

बोलावलं होतं माझ्या मावसभावाने, अंकुशदादाने. हा इतिहासाचा निवृत्त शिक्षक. गावच्या वाचनालयात दर रविवारी जगाच्या इतिहासाचा वर्ग घेतो. मागच्या रविवारी सिकंदराला चार श्रोते होते, त्यांतले दोन पंख्याखाली झोपायला आलेले. वाचनालयाचे अध्यक्ष पेठेतले सराफ. बाजाराच्या दिवशी गर्दी जमवून दाखवा, नाहीतर वर्ग बंद, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून दादा स्वतः आर्किमिडीज होऊन बाजारातून धावणार होता.

वहिनींनी भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. फुशारकी मारत मी ठेचा दोनदा मागून घेतला, आणि मग वहिनी मोसंबी सोलून देत होत्या व मी डोळे पुसत खात होतो. दादा मात्र खरंच धास्तावला होता. "वर्ग गेला तर मंग म्या दिवसभर करू काय रे?" तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं आणि तिथंच माझी जीभ वळवळली. ‘युरेका’ इथं कोणाला कळणार, गावच्या भाषेत ओरड, असं मी सुचवलं. त्याला पटलं. ‘घावलं’ (सापडलं) असं ओरडायचं ठरलं.

बाजार छान भरला होता. मेथीच्या जुड्या, मिरच्यांचे ढीग, बैलांच्या घुंगरमाळा. दादाने हॉटेलच्या हौदावर डोक्यावर बादली ओतून घेतली आणि नुसत्या पंच्यावर "घावलं! घावलं!" करत सुटला. बघता बघता अख्खा बाजार त्याच्यामागे! मी स्वतःवर जाम खूश झालो.

तेवढ्यात लक्ष्मीबाई नावाच्या एका बाईंनी त्याला गाठून पंच्याचं टोक धरलं. "कुठंय माझं वासरू?"

त्यांचं वासरू सकाळपासून हरवलं होतं आणि निम्मा बाजार तेच शोधत होता. शेळी हरवली असती तर लोक ‘घावली’ची वाट बघत बसले असते, पण वासरू पडलं नपुंसकलिंगी. व्याकरणाने आमचा घात केला.

"वासरू न्हाई, मावशी," दादा दोन्ही हातांनी पंचा सांभाळत म्हणाला, "राजाच्या मुकुटातली भेसळ घावली."

लोक चिडून पांगू लागले. दादाचा चेहरा असा पडला की मला तोंड लपवावंसं वाटलं. वर्ग बुडाला होता आणि बुडवणारा मी होतो. पण लक्ष्मीबाईंनी पंचा सोडला नव्हता. सोनं पाण्यात घातलं की खोटं कळतं का, असं त्यांनी विचारलं. बराबर कळतं, दादा म्हणाला. निघालेल्या बायका माघारी फिरल्या आणि चक्क बसल्या. ओल्या पंच्यावर दादाने तासभर आर्किमिडीज सांगितला. मध्येच वासरू आपणहून आलं आणि कुणाची तरी मेथी खाऊ लागलं, पण लक्ष्मीबाई मुकुटाचं झाल्याशिवाय उठेनात. शेवटी दादा म्हणाला की पडताळ्याला तेवढ्याच वजनाचं चोख सोनं लागतं. झालं, बायका बादल्या घेऊन थेट सराफांच्या दुकानात.

संध्याकाळी अध्यक्ष घाम पुसत घरी आले. "गुरुजी, वर्ग चालू ठेवा. माझा माल बिलकुल चोख आहे, पण बाया बादल्या घेऊन उभ्या राह्यल्यात. नेपोलियन घ्या, कुणीबी घ्या. त्या आंघोळवाल्याचं नाव काढू नका."

मी रविवारपर्यंत मुद्दाम थांबलो. वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती आणि अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. दादाने शब्द पाळून नेपोलियन घेतला. नेपोलियनने स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्यावर मुकुट ठेवला, इथपर्यंत तो रंगात आला आणि मागून लक्ष्मीबाई उठल्या.

"गुरुजी, त्यो मुकुट कुणी पाण्यात घालून बघितल्ता का?"

दादाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी पंख्याकडे पाहिलं.

परतीच्या एसटीत मला एकट्यालाच हसू फुटत होतं. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माझ्या भावाला इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता. कारण त्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत नव्हतं, आणि ते ऐकायला सगळं गाव पुढच्या रविवारी येणार होतं.