खाणीतली सवत

"गेले असतीन तिच्याकडे," शेजारच्या काकू म्हणायच्या, तेही सुपातल्या तांदळावरची नजर न उचलता. काकांना शोधत कोणीही आलं की हेच उत्तर. आम्ही त्या गल्लीत नवे होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओशाळून घरात परतले आणि मास्तरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं की शेजारचं प्रकरण काही बरं दिसत नाही.

'ती' म्हणजे मशीन होती. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावामागच्या टेकडीत मँगनीजची फार जुनी खाण होती आणि तिच्या तळाशी साचणारं पाणी उपसायची मशीन काका चालवायचे. पावसाळ्यात तर त्यांचा मुक्कामच तिथं. घरी आले तरी कान टेकडीकडे. जेवताना तिकडची घरघर जरा बदलली की ताट तसंच टाकून निघायचे.

जळणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील, पण लोखंडावर जळणारी मी ही एकच पाहिली. "तिले दोन टाइम तेल पाजतेत," त्या म्हणायच्या. "मले कधी इचारलं, जेवली का म्हणून?" त्यांचा राग माझ्यावरही होता. मास्तर शाळा सुटली की सरळ घरी येतात, याचा. "तुमचं बरं आहे, बाई," म्हणायच्या, आणि मला टोचेल असंच म्हणायच्या.

पुढं सत्तरच्या दशकात खाण बंद पडली. मशीन इतकी जुनी की वर काढण्याची मेहनतही कोणी घेईना. पाणी चढत चढत तिच्यावरून गेलं. त्या दिवशी काकूंनी गल्लीभर खीर वाटली. काका जेवले नाहीत.

सवत मेली तरी सुटका कुठली? काका रोज संध्याकाळी खाणीच्या काठावर जाऊन बसू लागले. "जित्तेपणी बरी होती," काकू म्हणाल्या. "आता तं रोजच जातेत."

मग तिथं बगीचा झाला. झोपाळे, फुलझाडं, भेळवाला आणि खाणीच्या पाण्यात नावा. पार लाखांदूरहून लोक एस.टी.नं यायचे. काका नावेत कधी बसले नाहीत, पण मशीन कुठं बुडाली ते नावाड्याला रोज बोटानं दाखवायचे. गल्लीतल्या आम्ही सगळ्या जाऊन आलो. काकू मात्र हटून बसल्या. सवतीच्या घरी पाहुणी म्हणून जायचं का मी, असं त्यांचं म्हणणं.

एका हिवाळ्यात काका गेले. पुढच्या कार्तिकात आम्ही बाया बगीच्यात आवळीभोजनाला निघालो, तर काकू डबा घेऊन आधीच दारात उभ्या. जेवणं झाल्यावर त्या स्वतःहून नावेत बसल्या, मागोमाग मीही बसले. मशीन कुठं आहे ते दाखव, असं त्या नावाड्याला म्हणाल्या. नावाड्यानं नाव तिकडे वळवली. आता या शिव्या घालणार, असं मला वाटलं.

"वरून नोको नेऊ," काकू म्हणाल्या. "बाजूनं घे."

नाव बाजूला थांबली. पाणी हिरवं होतं, खालचं काही दिसत नव्हतं. काकूंनी पदर सावरला, पाण्याकडे वाकल्या आणि कुंपणापलीकडच्या बाईला विचारावं तसं हळूच विचारलं, "तुह्याकडं आले का वं ते?"

उत्तराची वाट पाहत त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.