पेंग्विन बघायला डोरीन आली त्या दिवशी

हेस्टर आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची, अगदी समुद्राला लागून. टास्मानियाच्या याच किनाऱ्यावर तिचा जन्म गेला. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, नवरा गेल्यावर टॅफी नावाचा कुत्रा पाळला. घरामागच्या गवतातच पेंग्विनांची बिळं, त्यामुळे तिला त्यांचं कौतुक नव्हतं. उलट ओरडून झोपमोड करतात म्हणून ती त्यांना शिव्या घालायची.

धाकटी बहीण डोरीन मात्र आत, मेंढ्यांच्या मुलखात राहणारी. तिन्हीसांजेला पाण्यातून वर येणारे पेंग्विन एकदा तरी बघायचे, असं तिने मनात घेतलं होतं. फोनवर बेत ठरला तेव्हा हेस्टरने तिला बजावलं,

"गडद कपडे आण, भडक रंगाला ते बुजतात. तुझा तो लाल कोट घातलास तर मी तुला ओळखणार नाही."

"आणि टॅफी?"

"तो घरी. कुत्रं दिसलं तर कॉलम मलाच पाण्यात ढकलेल."

कॉलम म्हणजे किनाऱ्याचा रखवालदार. पेंग्विनांमुळे तिथे कुत्र्यांना बंदी होती.

डोरीन सकाळीच आली. बसायला जागा बघू म्हणून त्या दोघी बहिणी आणि शेजारीण म्हणून मी, अशा तिघी खाली उतरलो. गवतावर काळे गोळे पडले होते. डोरीनला वाटलं, शेवाळ. जवळ गेल्यावर दिसलं. बिळांच्या तोंडाशी पेंग्विन मरून पडले होते. काहींच्या माना मोडलेल्या.

हेस्टरने हाक मारल्यावर कॉलम आला, त्याने वाकून बघितलं. "कुत्र्याचं काम आहे," एवढंच बोलला.

हेस्टर तडक घरी निघाली, आम्ही मागोमाग. कुंपणाची खालची फळी निखळली होती. टॅफी उन्हात झोपलेला. त्याच्या हनुवटीच्या केसांत निळसर पिसं अडकली होती. हेस्टर पायरीवर बसली.

"धुऊन टाक गं त्याला," डोरीन कुजबुजली. "कुणाला कळतंय?"

हेस्टरने टॅफीला पट्टा बांधला आणि त्याला घेऊन थेट कॉलमपुढे उभी राहिली.

"हा बघ. माझाच."

कॉलमने टॅफीच्या हनुवटीची पिसं बघितली. "हेस्टर, तुझा?"

संध्याकाळी जायचं नाही असं डोरीन म्हणत होती. हेस्टरच म्हणाली, "आलीयेस तर बघून जा." आम्ही खडकाआड बसलो. अंधारताना थोडेसे पेंग्विन लाटेतून बाहेर आले, डुलत डुलत वर चढले. एक जण रिकाम्या बिळापाशी थांबून हाका मारत राहिला. आतून उत्तर आलं नाही. डोरीन रडायला लागली. हेस्टरने तोंडावर हात दाबून धरला होता.

टॅफीला नगरपालिकेने सोडलं नाही, त्याला कायमचं झोपवायचा हुकूम निघाला. सुई टोचताना हेस्टर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. घरी परतताना गाडीत मला म्हणाली, "त्याला शेवटपर्यंत वाटत होतं, आपण फिरायला आलोय."