रफीकभाईंची हायब्रिड आणि माझी सही

रफीकभाईंची गाडी तिसऱ्यांदा वर्कशॉपच्या गेटातून आत येताना दिसली, तेव्हा चहाचा कप घेऊन पार्ट्सच्या खोलीत लपावं असं मला खरोखर वाटलं. लपलो नाही, कारण त्या खोलीची चावी आमच्या मॅनेजरकडे, वानखडे साहेबांकडे असते, आणि ते माझ्या मागेच उभे होते.

"महल्ले, तेच का?"

"तेच, साहेब. बॅटरी गरम."

"आन इथं आली का थंडी."

"इथं आली का थंडी," मी म्हणालो.

अमरावतीतल्या या वर्कशॉपमध्ये मी डायग्नोसिस करतो. म्हणजे गाडीला काय झालंय ते शोधून काढायचं. पाना बाकीचे फिरवतात. सव्वीस वर्षं झाली. हायब्रिड गाड्या आल्या तेव्हा कंपनीनं मला ट्रेनिंगला पाठवलं आणि हाय व्होल्टेजचं कार्ड दिलं. हे कार्ड नसलेल्या माणसानं हायब्रिडच्या जाड नारंगी वायरला हात लावायचा नाही, कारण त्यातला करंट दुसरी संधी देत नाही. आमच्याकडे असं कार्ड एकट्या माझ्याकडे होतं. ते गळ्यात घालून मी जेवायलाही बसायचो. बायको म्हणायची, आंघोळीला तरी काढत जा.

हायब्रिडचं थोडक्यात सांगतो. या गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि इलेक्ट्रिक मोटरही. मोटर बॅटरीवर चालते. ब्रेक दाबला की तीच मोटर जनरेटरचं काम करते आणि बॅटरी भरते. बॅटरीनं केव्हा किती द्यायचं आणि किती घ्यायचं, हे एक कॉम्प्युटर ठरवतो. तो स्वभावानं भित्रा आहे. बॅटरी गरम झाली की देणंघेणं आवरतं घेतो, सगळं ओझं इंजिनवर टाकतो आणि समोर पिवळा दिवा लावतो. बॅटरी असते मागच्या सीटखाली. तिला थंड ठेवायला तळहाताएवढा एक पंखा असतो. तो सीटच्या कडेला असलेल्या जाळीतून केबिनमधली एसीची हवा ओढतो आणि बॅटरीवरून फिरवतो. बस, एवढंच.

रफीकभाई अकोल्याचे. पत्र्याचे मोठमोठे कूलर बनवतात. त्यांच्या कूलरसमोर झोपलेला माणूस मे महिन्यात गोधडी मागतो, अशी त्यांची ख्याती आहे. आठवड्यातून दोनदा ते माल लावायला अमरावतीला येतात. तक्रार एकच होती. "बोरगावच्या पुढं दिवा लागते, आन मूर्तिजापूरपासून गाडी बैलबंडीवानी चालते."

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मी जाळीमागचा फिल्टर काढला. त्यात चार तपकिरी धागे निघाले. कापसाच्या मुलखात फिल्टरमध्ये काहीही निघतं. साफ केला, गाडी दिली. दुसऱ्यांदा आली तेव्हा स्कॅनर लावला. दिवा लागतो त्या क्षणाचे सगळे आकडे कॉम्प्युटर जपून ठेवतो. बाहेर चव्वेचाळीस अंश, बॅटरी एक्कावन्न, पंखा फुल स्पीडला. इथवर ठीक. पण जाळीतून आत जाणारी हवा किती? सतरा अंश.

एसी चोवीसवर ठेवलेल्या गाडीत सतरा अंशांची हवा येणार कुठून? आणि इतकी थंड हवा मिळूनही बॅटरी तापली कशी? मी मान हलवली आणि सेन्सर खराब म्हणून बदलून टाकला. नव्या सेन्सरनंही सतराच दाखवले, आणि तिसऱ्यांदा गाडी दारात आली.

रफीकभाईंना मी खनपटीला बसून विचारलं, "भाऊ, गाडीले बाहेरचं काई लावलं का?"

"म्या? काई नाई. मागच्या साली बाहेरचा हॉर्न लावला तं तुमी केवढे बोमलले होते. वॉरंटी जाईन म्हने. तवापासून हातच नाई लावला, साहेब." माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलले. गाडीत वाळ्याचा मंद वास होता. रफीकभाई बारा महिने वाळ्याचं अत्तर लावतात, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग मी जे केलं ते लिहायला आजही जिवावर येतं. मी रिपोर्ट लिहिला, 'बॅटरीतले सेल आतून खराब, बॅटरी बदलावी.' खाली सही ठोकली. वानखडे साहेबांनी विचारलं, "पक्कं ना?" मी म्हणालो, "सही केली ना, साहेब." खरं म्हणजे मला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

बॅटरी हा वॉरंटीत सहज मिळणारा पार्ट नाही. कंपनी आधी पुण्याहून इंजिनिअर पाठवते. बॅटरी चांगली निघाली तर सही करणाऱ्याचं कार्ड जमा होतं. पाचव्या दिवशी साने मॅडम आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. रिपोर्ट दोनदा वाचला.

"सेल खराब आहेत हे कशावरून ठरवलंत?"

"अनुभवावरून."

"अनुभवाचं रीडिंग आहे का काही?"

वानखडे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"गाडी इथे बोलवू नका," मॅडम म्हणाल्या. "फॉल्ट अकोल्याहून येताना येतो ना? मग आपणच अकोल्याला जाऊ आणि त्यांच्याच गाडीतून परत येऊ. आणि त्यांना फोन करू नका."

आम्ही अकोल्यात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. रफीकभाई दुकानासमोर एका कूलरला पंप बसवत होते. मला पाहून उठले, मॅडमच्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड पाहिलं आणि त्यांच्या हातातला पाना खाली पडला. "साहेब, एक फोन तं करायचा," एवढंच म्हणाले. मॅडम पुण्याहून आलेल्या, मे महिना, त्या थेट चालू कूलरसमोर जाऊन डोळे मिटून उभ्या राहिल्या. गाडी बाजूलाच निघायच्या तयारीत उभी होती. मी मागचं दार उघडलं.

बॅटरीच्या जाळीवर वाळ्याची ताटी लावलेली होती.

वाळा म्हणजे सुगंधी गवताची मुळं. ती चौकटीत दाबून भरली की ताटी होते. ताटी कूलरला लावतात, तिच्यावर पाणी सोडतात आणि पंखा तिच्यातून हवा ओढतो. ही ताटी वहीच्या आकाराची होती. कडेला तारेची सुबक चौकट, धरायला इलास्टिक, आणि आताच पाण्यातून काढलेली. काम इतकं सफाईदार होतं की क्षणभर मला ती कंपनीचीच वाटली.

"रफीकभाई, हे काय होय?" मी हळू आवाजात विचारलं.

"ताटी."

"ते दिसून राहिलं मले. काहून?"

"बॅटरी गरम होते म्हने पुस्तकात. पंखा तिथून हवा ओढते. मंग पंख्याच्या तोंडावर ताटी नाई लावाची तं कोठी लावाची? तीस वर्सं हेच करून राहिलो मी."

"आन वर्कशॉपले येताना?"

"बडनेऱ्याले काढून डिक्कीत टाकतो. तुमी बोमलता ना."

त्या माणसाला मिठी मारावी की ताटी डोक्यात घालावी, मला ठरवता येईना. सगळं एका झटक्यात कळलं होतं. कूलरचा पंखा दांडगा, तो ओल्या वाळ्यातून हवा खेचतो. गाडीचा पंखा तळहाताएवढा. तो बिचारा फुल स्पीडला घरघरायचा, पण दाबून भरलेल्या मुळांतून हवेची नुसती झुळूक आत यायची. ती खरोखरच सतरा अंशांची होती, पण तेवढ्यानं बॅटरीचं काय भागणार?

"वॉरंटी जाईन का, साहेब?" रफीकभाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "उद्या खरंच बिघडली तं दुसरी बॅटरी आपल्याच्यानं घेनं होत नाई."

तेवढ्यात मॅडमनी हाक मारली, "निघायचं का?" आणि आपली बॅग ठेवायला त्या डिक्कीकडे वळल्या. एवढी ओली ताटी खिशात मावत नाही. मी ती सीटवर ठेवली आणि तिच्यावर बसलो.

रफीकभाई गाडी चालवत होते, मॅडम पुढे लॅपटॉप घेऊन, मी मागे. बोरगाव आलं. बॅटरी छत्तीस. मूर्तिजापूर आलं. अडतीस. "पुस्तकात असतं तसं चाललंय," मॅडम म्हणाल्या. "फॉल्ट येतच नाहीये." रफीकभाई आरशातून माझ्याकडे बघत होते. पाणी आधी पँटमधून गेलं, मग त्याच्याही आत. वरून एसी. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हातून जाताना माझे दात वाजायला लागले.

"तुम्हाला बरं नाहीये का?" मॅडमनी मागे वळून विचारलं. "एसी कमी करू?"

"नको, राहू द्या. टेस्ट बिघडेल."

मूर्तिजापूरच्या पुढे चहाला थांबलो. मी उतरेना. "मला नको चहा," म्हणालो.

"साहेबाचा उपास हाये," रफीकभाईंनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला.

"चहाचा?" असं म्हणून मॅडमनी माझ्या बाजूचं दार उघडलं. आता उतरण्यावाचून इलाज नव्हता. मी उतरलो. मागून पँट ओलीचिंब, त्यावर वाळ्याची मुळं चिकटलेली. चहावाल्यानं सगळ्यात आधी पाहिलं आणि मोठ्या सभ्यपणे तोंड फिरवलं. मॅडमनी सीटवरची ताटी उचलली, उलटसुलट पाहिली, नाकाशी धरली.

"सतरा अंश," त्या म्हणाल्या.

मग रफीकभाईंना राहवलं नाही. "पन मॅडम, हवा तं थंडी जात होती ना?"

"हवा फार छान थंड होती," मॅडम म्हणाल्या. "फक्त जात नव्हती."

चहा घेता घेता त्यांनी मला सरळ हिशेब समजावला. ताटी स्क्रूनं बसवलेली नव्हती. त्यामुळे 'जाळीसमोर सैल वस्तू होती, काढली, ग्राहकाला समज दिली' एवढं खरं लिहून केस मिटत होती, वॉरंटी शाबूत राहत होती. "पण तुमचा रिपोर्ट फाइलमध्ये असेपर्यंत मिटणार नाही. सेल खराब म्हणून सही आहे. मग बॅटरी पुण्याला जाणार, तिथे उघडणार, आत वाळा सापडणार आणि यांची वॉरंटी संपणार. रिपोर्ट तुम्हालाच मागे घ्यावा लागेल. कारणासकट."

कारणासकट म्हणजे कार्ड गेलं. मी रफीकभाईंकडे पाहिलं. ते एका हातात चहाचा ग्लास धरून दुसऱ्या हातानं माझ्या पँटवरची मुळं वेचत होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. या माणसानं निदान बॅटरीचं भलं व्हावं म्हणून खरं लपवलं होतं. मी कशासाठी लपवलं? तर आपल्याला कळलं नाही हे कोणाला कळू नये म्हणून.

बाकड्यावर बसवेना, म्हणून मी उभ्यानंच लिहिलं, 'माझे निदान चुकले. कारण न सापडताच सही केली.' कागद थोडा ओला झाला, पण वाचता येत होता.

कार्ड दोन महिने जमा राहिलं. परत मिळवायला पुन्हा ट्रेनिंग करावं लागलं. साने मॅडमनी तिथं ही केस नाव न घेता शिकवली, आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. रफीकभाईंच्या गाडीचा दिवा त्यानंतर लागला नाही.

यातून शिकलो ते एवढंच. गाडीला काय झालं असं विचारलं की गिऱ्हाईक गाडीचं गाऱ्हाणं सांगतं. तुम्ही काय केलं असं विचारलं की काहीच केलं नाही म्हणतं. म्हणून मी आता विचारतो, "उन्हाचा बंदोबस्त काय केला, भाऊ?" मग मात्र वऱ्हाडी माणूस मोकळा होतो. परवा भातकुलीच्या एका मास्तरांनी बॅटरीच्या जाळीत कापराच्या वड्या ठेवल्याचं मोठ्या अभिमानानं सांगितलं. मी सगळं ऐकून घेतो, दार उघडून डोळ्यांनी पाहतो, आणि सही सगळ्यात शेवटी करतो.